सह्याद्रीचे वय परक्यांनी सांगावे काय?

वाई, आंबेनळी, पोलादपूर, महाबळेश्वर, खंडाळा, भीमाशंकर, लोणावळा, कळसूबाई. मराठी माणसाला ही नावे नवी नाहीत. कुणाला त्यांतून प्रतापगडाचा पायथा आठवेल, कुणाला ज्योतिर्लिंगाचे दर्शन, तर कुणाला शाळेची पावसाळी सहल. परंतु अमेरिकेतील प्रिन्स्टन किंवा बर्कली येथील विद्यापीठात भूविज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या तोंडी ही नावे वेगळ्या अर्थाने असतात. त्याच्या लेखी कळसूबाई, लोणावळा आणि वाई हे लाव्हाच्या थरांचे तीन मोठे उपगट आहेत. पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर हे वाई उपगटातील एकावर एक रचलेले थरसमूह आहेत. आमच्या गावांची आणि घाटांची नावे जगाच्या विज्ञानात अशी अढळ झाली आहेत. खेद एवढाच, की ज्या मुलाचे बालपण आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी गेले, त्याला हे ठाऊक नसते. आणि ठाऊक झाले तरी त्याचे आईवडील त्याला त्या वाटेने जाऊ देत नाहीत.

महाराष्ट्राच्या चार पंचमांशाहून अधिक भूभागाखाली एकच काळा कातळ आहे. त्याला बेसाल्ट म्हणतात. रायगड, राजगड आणि सिंहगड याच कातळावर उभे आहेत. अजिंठा आणि वेरूळ याच कातळात कोरले गेले. आपल्या विहिरींचे पाणी याच कातळाच्या भेगांतून येते आणि कपाशीची काळी माती याच कातळाच्या झिजेतून झाली. आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर तो पसरलेला आहे. भूमीला माता म्हणणाऱ्या समाजाने या कातळाचे वय, त्याचे घटक आणि त्याच्या जन्माची कथा स्वतः शोधून काढावी, ही अपेक्षा अवाजवी आहे काय? वस्तुस्थिती मात्र अशी आहे, की या कातळाच्या वयाविषयीचे गेल्या दशकातील सर्वांत गाजलेले निकाल परदेशी प्रयोगशाळांतून आले. आपण ते वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर वाचले, आणि विसरलो.

कातळाचा जन्मदाखला

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर आहे. तरीही या शास्त्राचा गाभा समजून घेणे कोणत्याही सुशिक्षित माणसाला अशक्य नाही. काही मूलद्रव्यांचे अणू अस्थिर असतात आणि ठरलेल्या गतीने दुसऱ्या मूलद्रव्यात बदलतात. युरेनियमचा एक प्रकार असा आहे, की त्याच्या साठ्यातील निम्मे अणू शिशात बदलायला सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात. ही गती उन्हाने वाढत नाही, पावसाने घटत नाही. म्हणून खनिजात किती युरेनियम उरले आणि किती शिसे तयार झाले, हे अचूक मोजले, की ते खनिज केव्हा घडले याचा हिशेब मांडता येतो.

या कामी झिरकॉन नावाचा स्फटिक फार उपयोगी पडतो. तो घडताना युरेनियमला आत घेतो आणि शिशाला जवळजवळ पूर्णपणे बाहेर ठेवतो. त्यामुळे पुढे आत सापडणारे शिसे हे बहुतांशी नंतर तयार झालेले असते. आपल्या बेसाल्टमध्ये झिरकॉन सहसा मिळत नाही. पण घाटातून जाताना काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये विटकरी रंगाच्या मातीचा पट्टा आपण सर्वांनी पाहिला आहे. दोन उद्रेकांमध्ये उसंत मिळाली, तेव्हा ती माती तयार झाली, आणि काही ठिकाणी त्या मातीत ज्वालामुखीची राख पडली. त्या राखेत झिरकॉनचे सूक्ष्म कण सापडतात. डोळ्यांना जेमतेम दिसणारा तो कण वेचायचा, तापवायचा, तीव्र आम्लाने त्याचा बिघडलेला भाग काढून टाकायचा, उरलेला विरघळवायचा आणि मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रात त्यातील शिशाचे व युरेनियमचे अणू मोजायचे. ६ कोटी ६० लाख वर्षांत शंभर अणूंतील जेमतेम एक अणू बदललेला असतो. तो एक अचूक मोजण्यावर सारा निकाल अवलंबून असतो. हाताचा स्पर्श किंवा हवेतली धूळ यांतले शिसेही हिशेब चुकवू शकते.

दुसरी पद्धत पोटॅशियम आणि आर्गॉन यांच्यावर आधारलेली आहे. तिच्या सुधारित रूपात खडकाचा नमुना आधी अणुभट्टीत ठेवतात, मग तो टप्प्याटप्प्याने तापवून बाहेर येणारा आर्गॉन वायू मोजतात. या पद्धतींनी आज जी अचूकता गाठली आहे, ती थक्क करणारी आहे. सहासष्ट वर्षांच्या गृहस्थाचे वय जन्मदाखला न पाहता पंधरा-वीस दिवसांच्या फरकाने सांगावे, तसे हे काम आहे.

भूरसायनशास्त्राचा दुसरा पराक्रम असा, की दिसायला एकसारख्या काळ्या थरांना ते वेगवेगळे ओळखते. टायटॅनियम, बेरियम, झिर्कोनियम यांचे प्रमाण आणि स्ट्रॉन्शियमच्या दोन प्रकारांचे गुणोत्तर तपासले, की कोणता लाव्हा वर येताना वाटेतल्या जुन्या खडकांत मिसळला आणि कोणता फारसा न मिसळता आला, हे कळते. आंबेनळीचा लाव्हा असा कमी मिसळलेला म्हणून प्रसिद्ध आहे. याच परीक्षेतून गोदावरीच्या मुखाकडील राजमहेंद्रीचा बेसाल्ट सह्याद्रीतील आंबेनळी आणि महाबळेश्वर थरांशी जुळतो, असे दिसून आले. म्हणजे आपल्या घाटमाथ्याकडचा लाव्हा सुमारे १००० किलोमीटर वाहत पूर्व समुद्रापर्यंत गेला, असा निष्कर्ष अभ्यासकांनी काढला.

प्रश्न आपला, उत्तर दुसऱ्याचे

या वयाला एवढे महत्त्व का? ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनोसॉर आणि त्यांच्यासोबत असंख्य जीवजाती नष्ट झाल्या. १९८० मध्ये आल्व्हारेझ पिता-पुत्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा दोष आकाशातून पडलेल्या प्रचंड अशनीला दिला. त्याचे विवर पुढे मेक्सिकोच्या किनाऱ्यावर सापडले. दुसरा पक्ष म्हणतो, की आपल्या दख्खनमधील लाव्हाने आणि त्यासोबत निघालेल्या वायूंनी पृथ्वीचे हवामान आधीच बिघडवले होते. निवाडा करायचा, तर सह्याद्रीचा कोणता थर त्या विनाशाच्या आधीचा आणि कोणता नंतरचा, हे काटेकोरपणे कळले पाहिजे. जीवसृष्टीच्या इतिहासातील एका मोठ्या खटल्याचा साक्षीदार आपल्या दारात उभा आहे.

त्याची साक्ष कोणी नोंदवली? २०१५ मध्ये प्रिन्स्टनच्या नेतृत्वाखालील गटाने झिरकॉनच्या आधारे सांगितले, की उद्रेकांचा मुख्य टप्पा विनाशाच्या सुमारे अडीच लाख वर्षे आधी सुरू झाला आणि एकूण सुमारे साडेसात लाख वर्षे चालला. २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. प्रिन्स्टनचा गट म्हणाला, उद्रेक चार मोठ्या आवेगांत झाले आणि त्यांतला एक विनाशाच्या थोडा आधीचा होता. आर्गॉन पद्धत वापरणारा बर्कलीचा गट म्हणाला, सुमारे तीन चतुर्थांश लाव्हा विनाशानंतर बाहेर पडला. दोन्ही गटांनी नमुने आमच्या घाटांतून नेले होते. या निबंधांच्या लेखकांत अमरावती विद्यापीठातील आणि पवईच्या आयआयटीतील भारतीय संशोधकांची नावेही आली, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण वादाचे दोन्ही पक्ष अमेरिकेत, आणि वादाचा विषय महाबळेश्वरच्या कड्यात, हे चित्र स्वाभिमानी राष्ट्राला शोभणारे आहे काय?

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचेच उदाहरण घ्या. बेसाल्टमध्ये झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे आघातविवर जगभरच्या अभ्यासकांचे तीर्थक्षेत्र आहे. १९९७ मध्ये थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीने त्याचे वय सुमारे ५२ हजार वर्षे आले. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील कर्टिन विद्यापीठाच्या संशोधकाच्या नेतृत्वाखाली आर्गॉन पद्धतीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे ठरले. दोन आकड्यांत दहापटींहून अधिक अंतर! दोन्ही बरोबर असू शकत नाहीत. कुठली पद्धत कशाने फसली, नमुन्यात जुन्या खडकाचा आर्गॉन अडकून राहिला होता काय, की नंतरच्या घडामोडींनी पहिल्या पद्धतीचे घड्याळ पुसले गेले, हे तपासणे म्हणजेच या शास्त्राचे शिक्षण. लोणारला सहल नेणारे शिक्षक मात्र पिढ्यान्‌पिढ्या एक आकडा सांगतात आणि मुले तो वहीत उतरवतात. या शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. या प्रश्नाला भिडणारी मराठी मुलांची फळी आपण तयार केली नाही, हा दोष समाजाचा आहे.

येथे काही उदारमतवादी मंडळी म्हणतील, की विज्ञानाला देश नसतो. वय प्रिन्स्टनने काढले काय आणि पुण्याने काढले काय, आकडा तोच येणार. आकड्याला देश नसतो, हे मान्यच आहे. ज्या परदेशी अभ्यासकांनी आमच्या घाटांत पाठीवर दगड वाहून ही विद्या वाढवली, त्यांचे ऋणही मानले पाहिजे. परंतु कोणता प्रश्न आधी विचारायचा, हे प्रयोगशाळा ज्याच्या हाती असते, तोच ठरवतो. प्रिन्स्टनला डायनोसॉरांच्या अंताचे कुतूहल आहे, आणि ते योग्यच आहे. यवतमाळ आणि चंद्रपूरच्या गावांत पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड कोठून येते, कोयनेच्या धरणाखाली काही शे मीटर बेसाल्टच्या तळाशी असलेल्या प्राचीन खडकांत काय चालले आहे, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची भूमी का हादरली, हे प्रश्न प्रिन्स्टनने आधी हाती घ्यावेत, अशी अपेक्षा कशी करणार? ते आपल्यालाच विचारावे लागतील. दगड वाचण्याची विद्या मात्र दोन्हीकडे एकच आहे.

आम्हाला जमत नाही, असे थोडेच आहे?

या विषयात भारतीयांची बुद्धी कमी पडली, असे कोणी म्हणेल, तर त्याने इतिहास पाहावा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था १८५१ मध्ये इंग्रजांनी स्थापन केली, ती मुख्यतः कोळशाच्या शोधासाठी. त्या संस्थेत प्रमथनाथ बोस यांच्यासारखा कर्तबगार अधिकारी होता. १९०३ मध्ये त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ असलेल्या इंग्रजाला संचालक केले गेले. बोसांनी राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी, २४ फेब्रुवारी १९०४ रोजी, त्यांनी जमशेटजी टाटांना पत्र लिहून मयूरभंजच्या लोहखनिजाची माहिती कळवली. जमशेदपूरचा पोलाद कारखाना त्या माहितीच्या पायावर उभा राहिला. दगड ओळखणाऱ्या एका स्वाभिमानी माणसाने देशाच्या उद्योगाला काय दिले, हे यावरून कळावे. या सर्वेक्षण संस्थेला पहिला भारतीय संचालक मिळायला मात्र १९५१ साल उजाडले.

स्वातंत्र्यानंतर वाराणसीत जन्मलेल्या देवेंद्र लाल यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुढे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत विश्वकिरणांनी तयार होणाऱ्या अणूंचा वेध घेऊन जगात नाव मिळवले. टाटा संस्थेतल्या कार्बन-कालमापनाने साठच्या दशकात हडप्पा संस्कृतीच्या कालगणनेची चर्चाच बदलून टाकली. दख्खनचे उद्रेक त्या महाविनाशाच्या आधीच सुरू झाले होते काय, हा प्रश्न अहमदाबादच्याच संशोधकांनी १९९३ मध्ये स्वतःच्या मोजमापांनिशी जगापुढे मांडला होता. मुंबईतील मनोरी आणि साकीनाका येथील खडक घाटांतल्या लाव्हापेक्षा कित्येक लाख वर्षांनी लहान, सुमारे सहा कोटी वर्षांचे आहेत, हे २००१ मध्ये भारतीय संशोधकांनीच दाखवले. बेसाल्टच्या थरांची रासायनिक ओळख पटवण्याच्या कामात पवईच्या आयआयटीचा आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील अभ्यासकांचा वाटा आंतरराष्ट्रीय शोधनिबंधांत नोंदलेला आहे.

वाचकांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पवईच्या आयआयटीत आर्गॉन-कालमापनाची राष्ट्रीय सुविधा आहे, आणि तेथील नमुने तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील 'ध्रुव' अणुभट्टीत ठेवले गेले आहेत. म्हणजे कातळ सह्याद्रीचा, भट्टी तुर्भ्याची, यंत्र पवईचे, ही साखळी महाराष्ट्राच्या भूमीत प्रत्यक्षात उतरली आहे! दिल्लीच्या आंतरविद्यापीठ प्रवेगक केंद्रातही केंद्र शासनाच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कालमापनाची राष्ट्रीय सुविधा उभी केली आहे. हा पाया आहे. त्यावर मजले चढायचे, तर माणसे हवीत. ती आपल्या घरांतून यायची आहेत.

अभिमानाची स्वस्त वाट

येथे आपल्याच मंडळींशी दोन शब्द स्पष्ट बोलणे भाग आहे. पृथ्वीच्या वयाचा विषय निघाला, की सभेत कोणीतरी उठून सांगतो, की हे सर्व आमच्या पूर्वजांना ठाऊकच होते. ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे एक कल्प, ४३२ कोटी वर्षांचा असतो, आणि विज्ञान पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे सांगते. टाळ्या पडतात. वक्ता बसतो. विषय संपतो.

कालाचा एवढा अफाट विचार करण्याचे धैर्य आपल्या पूर्वजांनी दाखवले, हे निःसंशय गौरवास्पद आहे. सतराव्या शतकात युरोपातले विद्वान सृष्टी जेमतेम सहा हजार वर्षांची आहे, असे मानत होते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लॉर्ड केल्विनसारखा थोर भौतिकशास्त्रज्ञही पृथ्वीला दोन ते चार कोटी वर्षांहून अधिक वय द्यायला तयार नव्हता. ज्या समाजाच्या संकल्पात रोज कल्प आणि मन्वंतर उच्चारले जाते, त्याच्या मनाला कोट्यवधी वर्षे अपरिचित नव्हती. पण गणित करायचे, तर पुरते करावे. ४३२ कोटी हे संपूर्ण कल्पाचे मान आहे. संकल्पातील मन्वंतर आणि युग मोजून पाहिले, तर चालू कल्पातील गत काल सुमारे १९७ कोटी वर्षे भरतो. मग ४५४ कोटींशी जुळवाजुळव कशी करणार? पूर्वजांची कालकल्पना हे तत्त्वचिंतन होते, आणि त्या उंचीवरच तिचा आदर व्हावा. तिला प्रयोगशाळेच्या निकालाचे प्रमाणपत्र चिकटवल्याने तिचा मान वाढत नाही. उलट उद्या आकडा शंभर वर्षांचा संशोधक तपासू लागला, की उगाच हसे होते.

ज्यांनी कालगणनेला शास्त्राचे रूप दिले, त्या आर्यभट आणि भास्कराचार्यांची परंपरा मोजण्याची, तपासण्याची आणि चूक दाखवून देण्याची आहे. त्या परंपरेचा खरा वारस कोण? सभेत टाळ्या घेणारा वक्ता, की लोणारच्या दोन आकड्यांतील चूक शोधण्यासाठी रात्र रात्र यंत्रापुढे बसणारा विद्यार्थी? उत्तर प्रत्येकाने स्वतःला द्यावे.

'दगड शिकून पोट भरते काय?'

आता वळू आपल्या मध्यमवर्गीय घरांकडे. बारावीचा निकाल लागला, की घरात जी चर्चा होते, तिच्यात भूविज्ञानाचे नाव कधी निघते काय? अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला नाही, वैद्यकीयला गुण कमी पडले, मग 'काहीतरी बीएस्सी' करावे, त्यात जी जागा मिळेल ती घ्यावी, असा हा विषय आपण शेवटच्या पाटावर बसवला आहे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयापासून नागपूर आणि अमरावतीच्या विद्यापीठांपर्यंत महाराष्ट्रात हा विषय शिकवला जातो. तेथे निष्ठेने शिकवणारे प्राध्यापकही आहेत. परंतु ज्या विषयाकडे घरातूनच नाइलाज म्हणून पाहिले जाते, त्यात प्रज्ञा कशी फुलणार?

वास्तविक, हा विषय गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि पायी भटकंती या चारही गोष्टी मागतो. ज्या मुलाला गडकिल्ल्यांचे वेड आहे आणि गणिताची भीती नाही, त्याच्यासाठी यापरते विद्याक्षेत्र कोणते? राहिला प्रश्न पोटाचा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था आणि केंद्रीय भूजल मंडळ यांच्यासाठी संघ लोकसेवा आयोग स्वतंत्र भूवैज्ञानिक परीक्षा घेतो. तेल आणि वायू महामंडळ, कोल इंडिया, अणुऊर्जा खात्याचे खनिज संचालनालय, राज्याची भूजल यंत्रणा, सर्वांना हे शिक्षण घेतलेली माणसे लागतात. नागपुरात तर भारतीय खाण ब्युरो, खनिज समन्वेषण कंपनी, मॉइल आणि वेस्टर्न कोलफिल्ड्‌स यांची मुख्यालयेच आहेत. आयआयटीत पदव्युत्तर शिक्षणासाठी भूविज्ञानाची स्वतंत्र प्रवेशपरीक्षा आहे. हे सारे आपल्या पालकांना ठाऊक नसते, कारण आपण विचारलेलेच नसते.

आणि लाभ नेहमी पगाराच्या आकड्यातच मोजायचा काय? १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसन या अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञाने अशनीतल्या शिशाच्या मोजणीतून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरवले. हे शुद्ध ज्ञान होते. त्यात बाजारभाव काही नव्हता. पण अचूक मोजणीसाठी प्रयोगशाळा शिसेमुक्त करताना त्याला आढळले, की हवा, पाणी, अन्न, सारे काही पेट्रोलमधल्या शिशाने दूषित झाले आहे. तेल कंपन्यांचा रोष पत्करून तो या विषाविरुद्ध लढला. पुढे एकेका देशाने शिसेयुक्त पेट्रोल बंद केले. भारतात ते २००० मध्ये बंद झाले. आज आपली मुले रस्त्यावर जी हवा श्वासात घेतात, तिच्यातले शिसे कमी होण्यामागे दगडांचे वय मोजणाऱ्या एका माणसाचा वाटा आहे. 'दगड शिकून काय मिळते,' असे विचारणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

शेजाऱ्याकडे पाहा

चीनने १९६६ मध्येच ग्वेयांग येथे भूरसायनशास्त्राची स्वतंत्र संस्था उभी केली. सत्तरच्या दशकात बीजिंग विद्यापीठातील शू ग्वांगशिएन या रसायनशास्त्रज्ञाने दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये वेगळी करण्याची पद्धत विकसित केली. त्या दिवसांत हा विषय कोरडा आणि निरुपयोगी वाटला असेल. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा जगभरच्या आणि भारतातल्याही वाहन उद्योगाला घाम फुटला. वास्तविक केरळ, तमिळनाडू, आंध्र आणि ओडिशाच्या किनाऱ्यावर ही मूलद्रव्ये असलेली मोनाझाइटची वाळू आपल्याकडे आहे, आणि त्यासाठीचा सरकारी उपक्रम १९५० पासून आहे. वाळू आपली होती, पण ज्ञानाची साधना त्यांनी अधिक केली.

केंद्र शासनाने जानेवारी २०२५ मध्ये १६,३०० कोटी रुपयांचे राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज अभियान मंजूर केले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु खनिज शोधणारा डोळा पैशाने विकत मिळत नाही. तो विद्यापीठात घडतो, आणि घडायला दहा-पंधरा वर्षे लागतात. देश संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च करत असेल, राज्याच्या विद्यापीठांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहत असतील, कोट्यवधींचे यंत्र आणून ते चालवणारा तंत्रज्ञ नेमला जात नसेल आणि सुट्या भागासाठी फाईल महिनोन्‌महिने फिरत असेल, तर अभियानाचे यश कागदावरच राहील. शासन आपल्या विचारांचे आहे, म्हणून हे बोलू नये, असे मानणारे कार्यकर्ते शासनाचे हितचिंतक नव्हेत.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. महाराष्ट्रातील किमान एका राज्य विद्यापीठात दख्खनच्या कातळासाठी पूर्ण वेळ चालणारी भूरसायन आणि कालमापन प्रयोगशाळा असावी, आणि तिच्यात यंत्राइतकाच खर्च माणसांवर व्हावा. पवईतील आणि दिल्लीतील राष्ट्रीय सुविधांचा लाभ अमरावतीच्या, नांदेडच्या, रत्नागिरीच्या विद्यार्थ्याला सहज मिळावा. या विषयाची उत्तम मराठी पुस्तके निघावीत. ज्या वाईत मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले, त्याच वाईच्या नावाने लाव्हाचा उपगट जगात ओळखला जातो. तेव्हा मराठीत हे ज्ञान आणण्याला अडसर भाषेचा खासच नाही.

कार्यकर्त्यांना सांगणे एवढेच, की गडावर जाणारी मोहीम निघते, तेव्हा इतिहासाच्या जाणकारासोबत भूविज्ञानाचा एक प्राध्यापकही न्यावा. तटाची कथा सांगून झाल्यावर त्याने तट ज्या कातळावर उभा आहे, त्याची कथा सांगावी. त्या मुलांतील एखाद्याने विटकरी मातीच्या पट्ट्याकडे बोट दाखवून 'हे काय?' असे विचारले, तर त्याला गप्प बसवू नये. आणि घरी येऊन तो म्हणाला, 'मला हेच शिकायचे आहे,' तर आईवडिलांनी त्याला अडवू नये. सह्याद्रीचा पुढचा जन्मदाखला त्याच्या सहीने निघाला पाहिजे.